एजन्सी बघण्याचा कार्यक्रम

पंधरा वर्षं मी एकाच हॉस्पिटलच्या आयसीयूत होते आणि त्या आयसीयूला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला पेशंटच्या नातेवाइकांच्या चपलांवरून कळायचं. नर्सेस डेला मॅनेजमेंट केक कापायचं, 'तुम्ही आमच्या देवता' म्हणायचं आणि देवतांची ड्युटी पुन्हा त्याच बेडला लावायचं.

आमच्यातलीच एक सिस्टर नोकरी सोडून गेली होती. ती सहज भेटायला आली, तेव्हा इंदूर आणि गंगटोक करून आली होती. कामासाठी! तिने सांगितलं, हल्ली अशा एजन्सी निघाल्यात. जिथे नर्स कमी पडतात तिथे तीन-तीन महिन्यांसाठी पाठवतात, राहायची सोय करतात, मग दुसरं गाव. मला गंगटोक नकाशावर दाखवता आलं नसतं. पण घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला होता.

लेक पुण्याला होस्टेलला होती, त्यामुळे घरातून निघायची वाट तिने आधीच मळून ठेवली होती. उरला नवरा. तो न्हावा शेवा बंदरात, कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात. रोज जगभरचे कंटेनर सोडवतो, स्वतः गोव्याच्या पुढे गेलेला नाही.

"एजन्सी म्हणजे मधला माणूस," तो म्हणाला. "मी पण मधलाच आहे, म्हणून सांगतो. मधल्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही."

"म्हणजे तुमच्यावर?"

त्याने चहा मागितला.

सासूबाईंचं मत मी विचारलं नव्हतं, कारण ते न विचारता मिळतं. मी साताऱ्याकडची, त्या इथल्याच खाडीकाठच्या गावातल्या. शहर वसवायला त्यांची भातशेती गेली, तेव्हा घरातले पुरुष सही करायला गेले होते आणि काय लिहिलंय ते न वाचता आले होते. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही सहीला सासूबाई हजर असतात. लेकीच्या शाळेच्या सहलीच्या परवानगीलासुद्धा होत्या.

"मी येतंय," त्या म्हणाल्या. "पोरगी देयाची तं घर बगायला नको?"

अशा रीतीने, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सासूबाई मला दाखवायला घेऊन निघाल्या. माझ्या लग्नाच्या वेळी हे काम माझ्या आईवडिलांनी एका दुपारीत उरकलं होतं.

पहिली एजन्सी वाशीत, काचेच्या बिल्डिंगमध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर. भिंतभर भारताचा नकाशा आणि त्यात रंगीत टाचण्या. टाय लावलेल्या साहेबांनी आम्हाला थंड पाणी दिलं आणि विचारलं, "मॅम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी नकाशाकडे बघितलं. मला वाटलं, टाचणी दाखवायची असेल.

त्यांनी करिअर, ग्रोथ, एक्सपोजर असं बरंच सांगितलं. ड्युटी किती तासांची, एका नर्सकडे किती पेशंट, हे विचारलं की ते 'डिपेंड्स' म्हणायचे. शेवटी हळूच म्हणाले, "फक्त ओरिजिनल सर्टिफिकेट्स आमच्याकडे जमा करावी लागतील. सेफ्टीसाठी."

"कोनाच्या सेफ्टीसाठी?" सासूबाईंनी विचारलं.

साहेब हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास संपवला, पदर सावरला आणि उठल्या. लिफ्टमध्ये म्हणाल्या, "माणूस गोरा हाय. पन जमिनीच्या टायमाला आला व्हता तो बी असाच गोरा व्हता."

दुसरी एजन्सी बेलापूरला. इथे एक मॅडम होत्या, अत्तर लावलेल्या, अतिशय गोड. सर्टिफिकेट नको, सही उद्या केली तरी चालेल, राहायला स्वतंत्र खोली, खिडकीतून डोंगर. मी जवळजवळ मनातून हो म्हणून टाकलं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडनं गेलेली एक पोरगी दाखवा."

"आजी, त्या सगळ्या बाहेरगावी असतात ना."

"मंग फोन लावा."

मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "का नाही! आमची एक सिस्टर सध्या डेहराडूनला आहे." त्यांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

स्पीकरमध्ये रिंग वाजायला लागली आणि त्याच वेळी आमच्या मागच्या प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे एका फोनवर आरती सुरू झाली. पलीकडची आरती थांबली. स्पीकरमधली रिंगही थांबली.

"हॅलो मॅडम," पार्टिशन म्हणालं. "हॅलो मॅडम," पाठोपाठ स्पीकर म्हणाला. "इकडे खूप छान आहे. सगळी सोय आहे. थंडी मात्र फार आहे."

मॅडम टेबलावरच्या पेनकडे बघत होत्या. मी सासूबाईंचा हात धरायला गेले, पण त्या उठल्यासुद्धा होत्या. त्यांनी पार्टिशनचं दार ढकललं. आत माझ्याच वयाची एक बाई, कानाला फोन, दुसऱ्या हातात अर्धा समोसा, आणि डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

"थंडी हाय म्हनतेस," सासूबाई म्हणाल्या, "मंग पंखा बंद कर ना, बाई. आजारी पडशील."

त्या बाईला हसू फुटलं. समोसा तोंडात असल्यामुळे ते हसू भलतीकडूनच बाहेर आलं आणि तिला जबरदस्त ठसका लागला. मीच पुढे होऊन तिला वाकवलं आणि पाठीवर थापा दिल्या. एवढ्या एजन्सींत माझं नर्सिंग कुणी तपासलं असेल तर ते तेवढंच. मॅडम म्हणाल्या, हा फक्त डेमो कॉल होता.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "आता राहू दे ना हे सगळं." मला रडू आलं. इतकं आलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मला कुणाचाच राग आला नव्हता, ना मॅडमचा, ना नवऱ्याचा. सोमवारी पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत जायचं होतं, एवढंच. बाहेर आले तेव्हा सासूबाई गंगटोकवाल्या सिस्टरशी फोनवर बोलत होत्या. नंबर त्यांनी माझ्याच फोनमधून काढला होता. तिलाच आधी विचारावं, हे मला सुचलं नव्हतं.

तिची एजन्सी म्हणजे नेरूळच्या एका सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट निघाला. बाहेर पाटीही नव्हती. एक रिटायर्ड मॅट्रनबाई डायनिंग टेबलावर बसून सगळा कारभार बघायच्या. त्यांनी पाणी विचारलं नाही. थेट मलाच विचारलं, "नवऱ्याशी भांडलीस का?"

"नाही."

"हॉस्पिटलने काढलं?"

"नाही, मॅडम."

"मग जायचंय कशाला?"

करिअर, ग्रोथ, एक्सपोजर हे सगळे शब्द मला वाशीहून आयते मिळाले होते, पण त्यांच्यासमोर एकही बाहेर येईना. सासूबाईच बोलल्या. "तिला फिरायचं हाय. पंधरा वरसं कोंडून घेतलाय तिने स्वतःला. जाऊ दे ना तिला." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटत होतं, त्या मला अडवायला येतायत.

मॅट्रनबाईंनी खोल्या कशा छोट्या असतात, अनोळखी गावात कायमच्या नर्सेस पाहुण्या नर्सला कसा सगळ्यात वाईट बेड देतात, हे नीट समजावून सांगितलं. मग त्यांच्याकडून गेलेल्या दोन नर्सचे नंबर दिले. "पहिली माझं कौतुक करेल. दुसरीचं माझ्याशी पटत नाही, तिला आधी लाव."

दुसरीने अर्धा तास मॅट्रनबाईंचा उद्धार केला. खोलीत पाली, इडलीशिवाय नाश्ता नाही, आणि बाई आईसारख्या ओरडतात. "पण आजारी पडले तेव्हा त्या स्वतः आल्या हो गाडीत बसून," ती शेवटी चिडूनच म्हणाली. त्याच आठवड्यात मी सही केली. सासूबाईंनी मजकूर माझ्याकडून मोठ्याने दोनदा वाचून घेतला.

राजीनामा दिला. नवी चाकांची बॅग घेतली. भावकीतल्या बायकांनी ओटी भरली, वडे-कोंबडीचं जेवण झालं, एका जावेने डोळे पुसले. आणि पहिलं पोस्टिंग आलं द्रोणागिरीला.

द्रोणागिरी! न्हावा शेव्याजवळच्या गोदामांच्या त्या वसाहतीत एक नवं छोटं हॉस्पिटल सुरू होत होतं आणि त्यांना घाईने अनुभवी सिस्टर हवी होती. सासूबाईंनी मॅट्रनबाईंना फोन केला. "अहो बाई, एवढा परवास तं मी डोक्यावर टोपली घेऊन करंजाच्या बंदरावर मासली आनायला करत व्हते! याला ट्रॅव्हल म्हनतात?" मॅट्रनबाई म्हणाल्या, सुरुवात तिथूनच होते.

मी चाकांची बॅग घेऊन रिक्षा, बस आणि पुन्हा रिक्षाने परदेशी निघाल्यासारखी द्रोणागिरीला गेले. खोली छोटी होती. पण नवऱ्याचं ऑफिस घरापेक्षा तिथून जवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन दारात उभा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण कामाच्या दिवशी आम्ही कधी दुपारी एकत्र जेवलो नव्हतो. तो रोज यायला लागला. हॉस्पिटलातल्या पोरी मला विचारायच्या, "ताई, लव्ह मॅरेज का?" मी नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही.

तीन महिने संपत आले, तेव्हा मॅट्रनबाईंनी विचारलं, इथेच वाढवून देऊ की केरळ? केरळ सगळ्या जगाला नर्स पुरवतं, आणि सगळ्या जगाला पुरवल्यामुळेच तिथल्या एका हॉस्पिटलात कमी पडल्या होत्या. नवरा म्हणाला, "इथं बरं चाललंय की." खरंच बरं चाललं होतं. तरी मी केरळ म्हटलं. दोन दिवस तो डबा घेऊन आला नाही, मग तिसऱ्या दिवशी येऊन त्याने बॅगेच्या चाकाला तेल घातलं.

तिथे उतरले तर पाटी वाचता येईना, बोललेलं कळेना. आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरसमोर मी पाठ केलेलं इंग्लिश सुरू केलं. त्या केस पांढरे झालेल्या, करारी बाई. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

मला वाटलं, थकव्याने भास झाला.

"मी बावीस वर्षं वाशीला काढली," त्या म्हणाल्या. "टेन्शन नाय घ्यायचं. बस इथं. आधी सांग, तिकडे ओले बोंबील काय भाव?"

मला भाव माहीत नव्हता. मी घरी फोन लावला आणि तो सासूबाईंकडून विचारून घेतला. मग त्या दोघींचंच इतका वेळ चाललं की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर नारळाची झाडं होती आणि कुणाचीतरी म्हैस.