सासरे आले आणि नळ गेला

देवळ्याहून निघाले त्या सकाळी बैलगाडी दारात उभी होती आणि सासूबाई शेवटचं बजावत होत्या, "शहरमा जाय, पण मोठं माणूस उनं का उभं ऱ्हावानं." मोठं माणूस आलं की उठायचं. मी पदर ओढून मान हलवली. त्याच सवयीने पुढे माझा घात केला.

नाशकात हे मास्तर झाले. मी सुईणपण शिकून दवाखान्यात लागले. गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हातची, म्हणून सन चौतीसच्या सुमारास गल्लीने मला म्युनिसिपालिटीत निवडून दिलं. बायकांमधली पहिली मेंबर मीच. बायांचं मागणं एकच होतं, गल्लीत नळ. पोटुशा बायासुद्धा भरले हंडे घेऊन गोदेचा घाट चढत. दोघी पडल्याही होत्या.

नळाचा ठराव मीच मांडला. अध्यक्ष म्हणाले, "विरोधात असतील त्यांनी उभं राहावं." नेमके तेव्हाच दारात आबा, म्हणजे माझे सासरे. सुनेचं कौतुक बघायला देवळ्याहून आले होते. मी ताडकन उठले. अध्यक्षांनी उभी डोकी मोजली, माझ्यासकट. एका मताने माझाच ठराव पडला. ओरडून सांगायला हवं होतं, पण सासऱ्यांपुढे तोंड कोण उघडणार?

गल्लीतल्या बाया कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि गावाकडच्यांनो, तुमची पत्रं काय, तर सुनेने भर सभेत सासऱ्याचा मान राखला. अजून लग्नकार्यात तेच सांगता. कसला मान, माझं कपाळ! तुमचा मान होईस्तोवर इथे बाया हंडे वाहत होत्या. मला अजून संताप येतो, आणि निम्मा माझा मलाच येतो.

ठराव पुन्हा आला तेव्हा आबाही पुन्हा आले, नेमके मोजणीच्या वेळी. म्हटलं, संपलं. मी उठणार तोच ते दारातूनच म्हणाले, "बठ बेटी. मी उनू तरी उठू नको." सभा हसली. मी बसून राहिले. नळ मंजूर झाला.

तुमचं घर कुठलं, असं लोक विचारतात. आबांसमोर बसले त्या दिवशी नाशिक माझं झालं. देवळ्याला गेले की मात्र मी उठायचेच, पाय ऐकत नसत. आबा होते तोवर ओसरीवर येताना आधी खाकरायचे आणि मी उठायच्या आत घाईघाईने स्वतःच खाली बसायचे. आबांच्या त्या खाली बसण्याएवढंच माझं तिथलं घर होतं.