मामांचा उलटा झेंडा

माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचा झेंडा विचारणारा गृहस्थ अख्ख्या आखातात एकच आहे, आणि तो दुबईत अल बर्शाला आमच्याकडे राहतो. हे माझ्या बायकोचे मामा. त्यांची सगळी नोकरी खोर फक्कानच्या बंदरात जहाजांचे कागद करण्यात गेली. प्रत्येक जहाजावर झेंडा असतो, तेव्हा माणसावरही असणारच, असा त्यांचा समज झाला आणि तो निवृत्तीनंतरही टिकला. लिफ्टमध्ये कोणी शिरलं की मामा "व्हिच फ्लॅग?" विचारतात आणि त्याच्याच झेंड्याचा अर्थ त्याला तळमजला येईपर्यंत समजावतात. एका केनियन गृहस्थाची टॅक्सी निघून गेली तरी त्यांनी त्याला सोडलं नाही. केनियाच्या झेंड्यावरच्या ढालीचा अर्थ सांगायचा राहिला होता.

अशा माणसाची विकेट पडली तीही लिफ्टमध्येच. जवळच्या मॉलमध्ये खोटा बर्फ आहे. तिथे स्की शिकवणारी एक बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. ती म्हणाली, "पासपोर्ट इटलीचा, पण माझा झेंडा लादिन." मामांनी हे नावही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभं राहून सगळं शिकून आले. आल्प्सच्या पाच दऱ्यांत राहणारी, स्वतःची भाषा बोलणारी मूठभर माणसं. वर निळं आकाश, मधे पांढरा बर्फ, खाली हिरवी कुरणं. "जावईबापू, खिडकी उघडली की दिसतं तोच झेंडा! कंट्री नाही, पण झेंडा आहे." मग आमच्या खिडकीतून बघून त्यांनी आमचाही झेंडा ठरवला: वर धूळ, मधे शेख झायेद रोड, खाली पार्किंग. बायकोने पडदा ओढला.

पुढे त्या बाईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ती कायमची निघाली. तिला तिच्या झेंड्यानिशी निरोप द्यायचा, असं मामांनी जाहीर केलं. "खोर फक्कान सोडलं तेव्हा माझी बॅग मीच गाडीत टाकली. पोचवायला कोणी नसलं ना, की माणूस गेला असं वाटत नाही, नुसता कॅन्सल झाला असं वाटतं." बर दुबईत मीना बाजारच्या दुकानांत आम्ही वणवण फिरलो. "हबीबी, ये कौनसा कंट्री है?" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी मामांनी सिएरा लिओनचा झेंडा घेतला. हिरवा, पांढरा, निळा. उलटा धरला की लादिन. माझा मुलगा म्हणाला, "आजोबा, दॅट्स अपसाइड डाउन." मामा म्हणाले, "दॅट इज द होल आयडिया."

आमच्या बिल्डिंगमध्ये सिएरा लिओनचा एक मनुष्य राहतो, हे मात्र मामा साफ विसरले. निरोपाच्या दिवशी मामा गेटवर उलटा झेंडा धरून उभे होते, नेमका तेव्हाच तो आला आणि झेंड्याकडे बघत राहिला. "सॉरी ब्रदर, फक्त पाच मिनिटं," मामा म्हणाले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने जरा विचार केला आणि झेंड्याची दुसरी बाजू धरली. तो मामांपेक्षा हातभर उंच, त्यामुळे लादिन लोकांचं आकाश एका बाजूला कललं होतं.

ती बाई बॅगा घेऊन बाहेर आली आणि थबकली. तिने पदराला हात लावावा तसा त्या कापडाला हात लावला, डोळे पुसले आणि टॅक्सीत बसली. टॅक्सी लांब गेली तरी मामांचे हात वरच होते.

"मामा, गेली ती," मी म्हटलं.

"पुढे सिग्नल आहे," मामा म्हणाले. "थांबली तर मागे बघेल."