पाखरानं टाकलेली बी

वलवणच्या बागेतले माळीआबा मेंदीचं कुंपण कापताना तिच्याशी भांडतात. "लय माजलीस न्हवं?" बागेत नको तिथं उगवलेलं एकही पातं त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गावच्या देवराईत मात्र हाच माणूस वेगळा होतो. तिथलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, ही पिढ्यांची रीत. म्हणून निघताना आबा सदरा झटकतात, चपला झटकतात, सोबतच्यालाही झटकायला लावतात. एकदा मी गारंबीच्या वेलाची, तळहात भरेल एवढी गुळगुळीत बी खिशात टाकली. आबांनी खिशात हात घालून ती काढली आणि होती तिथं ठेवली.

"देवाचं हाय. हितंच ऱ्हाऊ दे."

यंदा देवराईतून पलीकडच्या नव्या बंगल्यांकडे जाणारा रस्ता निघाला. त्यात गारंबीचा वेलही गेला.

परवा बागेत गुलाबांच्या मागे गारंबीचं रोप दिसलं. भोवती नीट रचलेले दगड.

"आबा, हे कुठून आलं?"

"पाखरानं टाकली असंल बी."

"मोठं पाखरू असणार."

"व्हय, लय मोठं," आबा म्हणाले, आणि तिथून निघताना त्यांनी चपला झटकल्या.