म्हसोबाच्या नावचा कोंबडा

केनवडला माझ्या आणि सोजरबाईच्या परसात एकच भिंत. भिंत छातीइतकी उंच, म्हणजे आम्हा दोघींना बोलायला सोयीची आणि तिच्या कोंबड्यांना माझ्या पालकावर उतरायला त्याहून सोयीची. सोजरबाई अंगाने काटक, जिभेने तिखट. नवरा मारोतराव शेती बघतो, मुलगा शिवम त्याच्या हाताखाली. सून राखी. तिच्यापायीच हे सगळं घडलं.

राखी पोटुशी असताना तिच्या अंगावर सूज चढली आणि तिला वाशीमला दवाखान्यात ठेवावं लागलं. सोजरबाई घाबरली. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, म्हसोबा आहे, शेंदूर लावलेला दगड. त्याला ती बोलून आली, सून सुखरूप मोकळी होऊ दे, तुला कोंबडा देते. राखी मोकळी झाली, मुलगी झाली. नवसाचं सोजरबाईने नवऱ्याला सांगितलं, मला सांगितलं. राखीला नाही. सासूने आपल्यासाठी देवापुढे पदर पसरला हे कळलं की सून डोक्यावर बसते, असं तिचं म्हणणं.

"मूर्ख आहेस," मी म्हटलं.

"हावो, हाय," ती म्हणाली.

पुढे तिच्या कोंबडीने पिल्लं काढली आणि मुंगसाने कोंबडीसकट सगळी नेली. एक तेवढं राहिलं. त्याचा तुरा लाल व्हायला लागला तशी तिने जाहीर केलं, हाच म्हसोबाचा. देवाच्या नावचा कोंबडा विकत नाहीत, घरी कापत नाहीत. मग त्याचे लाड सुरू झाले. टोपल्यात घालून खाटेशी निजवायचा, तळहातावर दुधात भिजवलेल्या कण्या. बाकीच्या कोंबड्या परसात उकिरडा उकरायच्या आणि हा पदराखाली.

"सोजर, त्याला कोंबड्यांत सोड. माणसांत वाढलेला कोंबडा माणसांनाच कोंबडे समजतो, आणि मग त्यांच्याशीच भांडतो."

"तुमी त कॉलेजात झाडं शिकल्या. मले कोंबडं काहून शिकवता?"

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, तेव्हा बोलणं बंद.

नवस फेडायचं विचारलं की ती म्हणे, शेपूट त येऊ द्या. शेपूट आल्यावर म्हणे, बांग फुटू द्या. बांग फुटली आणि कोंबडा राखीवर धावायला लागला. ती भांडी घासायला बसली की एक पंख खाली पाडून तिरका तिरका येई आणि पोटरीवर झेप घेई. राखी खराटा घेऊनच परसात जायची. सोजरबाई त्याला आवरत तर नसेच, वर म्हणे, "त्याले बराबर समजते, या घरात मालकीन कोन हाय ते." तिला मजा वाटत होती. स्वतःला जे बोलता येत नव्हतं ते कोंबडा करत होता.

मग तो दिवस. राखी परसात पाटावर पाय पसरून बसली होती, दाराकडे पाठ, आणि पायांवर लेकराला आंघोळ घालत होती. कोंबडा मागून उडाला तो थेट तिच्या मानेवर. तिला उठता येईना. साबण लावलेलं लेकरू, हातातून सटकलं तर दगडावर. ती लेकरावर वाकली आणि तशीच राहिली. कोंबडा मानेत चोची मारतोय, नखं रोवतोय, आणि ती हलत नाही. सोजरबाई दारात उभी होती. तिला दिसली फक्त सुनेची पाठ आणि वरचा कोंबडा. ती खदखदून हसली.

मी भिंतीवरून ओरडले, "अगं, लेकरू आहे!"

सोजरबाईचं हसू तोंडातच राहिलं. तिने धावत जाऊन कोंबडा ओढला. राखीने लेकराच्या अंगावर शांतपणे पाणी घातलं, त्याला फडक्यात गुंडाळलं आणि उठली. मानेवरून रक्त पोलक्यात उतरलं होतं.

"हसून घ्या, आत्याबाई," ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी शिवमने मानेचं विचारलं. "कुंपनाची तार लागली," राखी म्हणाली. ते मी ऐकलं आणि सोजरबाईनेही.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई भिंतीशी आली. "तिनं सांगतलं असतं त बरं झालं असतं वो बाई. पोरगा मले बोलला असता, मी भांडली असती, मोकळी झाली असती. आता मी तोंड कुठी नेऊ?"

मी सांत्वन केलं नाही. मला ते जमत नाही, आणि तिला ते मिळायलाही नको होतं.

तिने जाऊन राखीला नवसाचं सांगितलं. राखी म्हणाली, "म्हंजे माह्या नावाचा कोंबडा माह्याच मानेवर बसवला का तुमी?"

पुढच्याच रविवारी सगळे धुऱ्यावर गेलो. कोंबड्याच्या डोक्यावर पाणी घालायचं. त्याने अंग झाडलं की देवाने घेतला. सोजरबाईने पाणी घातलं. कोंबडा तिच्या काखेत डोळे मिटून स्वस्थ. उन्हाळाभर तिने त्याला तांब्याने गार केलेलं, पाण्याला तो कशाला बिचकेल? पण आमच्याकडे रीत आहे, अंग झाडलं नाही तर कुणाच्या तरी मनात काही अडकलंय, ते देवापुढे बोलायचं.

"कोनाच्या मनात काही असन त बोला," मारोतराव म्हणाला. "ऊन चढून राह्यलं."

राखीने लेकराची टोपी नीट केली. आपण सांगायचं नाही, हे तिने मुळी ठरवलंच होतं.

सोजरबाईने पदर तोंडाशी नेला, मग काढला. "राखीच्या मानेले तार नाही लागली. या कोंबड्यानं फोडली ते. पायावर लेकरू होतं, तिले उठता येत नव्हतं. अन् मी दारात उभी राहून हसली."

शिवमने आईकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. कोंबडा तरीही स्वस्थच.

राखीने लेकरू माझ्याकडे दिलं, तांब्या उचलला आणि पाणी घातलं. तिचा हात दिसताच कोंबड्याने मानेची पिसं फुलवली आणि असं अंग झाडलं की आम्ही सगळे भिजलो.

"घेतला," मारोतराव म्हणाला.

कोंबडा धुऱ्यावरच कापला, शिजवला. तो प्रसाद घरी नेत नाहीत, तिथेच संपवायचा. जेवणाला बसलो तेव्हा सोजरबाई बाभळीखाली पाठ करून बसली होती. राखी ताट घेऊन गेली.

"मले नको वाढू वं."

"घ्या आत्याबाई. नवस माह्या नावानं हाय, उपाशी नोका राहू."

तिने ताट घेतलं. पाठ मात्र वळवली नाही. आमच्याकडे न बघता भाकरी मोडत राहिली, आणि राखी ताट रिकामं होईपर्यंत शेजारी उभी होती.