झेंडूचा हार आणि दोनशे चौदा मापं

दसऱ्यानंतरचा बारावा दिवस, सकाळचे साडेदहा. दुरुस्तीची सांगितलेली रक्कम अठराशे रुपये. हजर: मी, बायको आणि संगणक दुरुस्त करणारा.

"सिस्टिम उडाली," तो म्हणाला. "फॉरमॅट मारावं लागतंय. आतलं काही राहणार न्हाई."

आतलं म्हणजे बायकोच्या दोनशे चौदा गिऱ्हाइकांची ब्लाउजची मापं. वर्षापूर्वी ती मीच वहीतून संगणकात उतरवली आणि तिला न विचारता वही रद्दीत घातली. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि एकोणीस ब्लाउज शिवायचे होते.

बायको एवढंच म्हणाली, "वहीला कधी फॉरमॅट लागलं न्हाई."

मी दुरुस्तीवाल्याला उद्या कळवतो म्हणालो.

मला पटत नव्हतं. चार वर्षांत मी संगणक एकदाही थेट बटणावरून बंद केलेला नाही. दर दुसऱ्या शनिवारी अपडेट करतो. परका पेन ड्राइव्ह लावू देत नाही, मेव्हण्याचासुद्धा. मग सिस्टिम उडेल कशी?

तो गेल्यावर घड्याळ लावून बसलो. संगणक अकरा मिनिटांनी बंद पडला. लगेच सुरू केला, तर चार मिनिटांत. तासभर थांबून लावला, तर पुन्हा अकरा. विसाव्यानं सिस्टिम सुधारत नसते. हे काम तापण्याचं दिसत होतं.

शेजारच्या चाचांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. त्यांना बोलावलं.

"सिस्टिम-बिस्टिम मला न्हाई समजत," ते म्हणाले, "पंखा समजतो."

संगणकाच्या डब्याला वरून जाळी आहे. तिच्यावर दसऱ्याच्या पूजेचा झेंडूचा हार होता. पूर्ण वाळल्याशिवाय हार काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत. दुरुस्तीवाल्यानंही सकाळी तो हात जोडून बाजूला ठेवला होता आणि जाताना बरोबर जागेवर ठेवला होता. चाचांनी डबा उघडला. पंख्यात वाळल्या पाकळ्या गच्च अडकलेल्या, वर हळदीकुंकवाचा थर.

"काहून भाऊ, पूजा पंख्याची केली व्हय?"

"हार यांनीच घातला," बायको म्हणाली. "मोजून एकवीस फुलांचा."

हे खरं आहे.

चाचांनी ब्रशनं पंखा साफ केला. संगणक दोन तास चालला, मग मीच नीट बंद केला. मापं सगळी जागेवर होती. संगणक पुन्हा लावून संध्याकाळपर्यंत मी ती दोनशे पानी वहीत हातानं उतरवली. आकडे बायकोनं तपासले. एक चूक निघाली, तीही माझीच.

अखेरचा खर्च असा. मापांची एक प्रत बाहेर असावी म्हणून पेन ड्राइव्ह घेतला, त्याचे साडेचारशे रुपये त्याच दुरुस्तीवाल्याला दिले. वहीचे पासष्ट कोपऱ्यावरच्या दुकानात. चाचांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या सुनेचा ब्लाउज बायकोनं शिवून दिला आणि त्याच्या शिलाईचे तीनशे माझ्याकडून रोख घेतले.