कवळीवाल्याचा राजीनामा

"मग, नवीन ठिकाणी कधी रुजू होताय?"

हा प्रश्न कानावर पडला की कवळीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि शेजारपाजारचे तर मेले दुसरं काही विचारतच नाहीत.

गल्लीत त्याला कवळीवाला म्हणतात, कारण तो दात बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, हा त्यावर मेणात एकेक दात बसवून कवळी घडवतो. अर्धं आयुष्य एकाच कारखान्यात, खिडकीजवळच्या एकाच टेबलावर गेलं. नाकातोंडात प्लॅस्टरची धूळ. ती बाहेर फेकणारा पंखा बंद पडलेला, आणि मालकीणबाई म्हणायच्या, "करू हो, करू."

अशात दात बनवणाऱ्या एका मोठ्या लॅबच्या मॅनेजरने त्याचं काम पाहिलं आणि हात हातात घेतला. "तुम्ही आमचेच झालात असं समजा. करारपत्र काय, मागाहून येईलच."

यानेही लगेच समजून टाकलं.

"कागद हातात पडू दे, मग सोडा," बायकोने सांगून पाहिलं.

"माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. नुसता दिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण मालकीणबाईंना पंख्यापासून चहाच्या कपापर्यंत सगळं सुनावून, मनातली मळमळ बाहेर काढून मग दिला.

कारखान्याचा एक रिवाज होता. जाणाऱ्याने आपला बदली माणूस आणायचा आणि हात बसेपर्यंत त्याला शेजारी बसवून शिकवायचं. याने कुणाला आणावं? सख्ख्या मेव्हण्याला. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद पडलं होतं आणि तो बायकोमुलांसह बहिणीकडेच राहायला आला होता. बायको खूश झाली. जागा घरातच राहिली म्हणून ती सकाळी हौसेने दोन डबे भरायला लागली.

शिकवलंही अगदी जीव ओतून. "सगळे दात सरळ रेषेत बसवलेस तर माणूस हसला की खोटा वाटतो. एखादा जरासा तिरका ठेव." मेव्हण्याचा हात मुळातच हलका. बघता बघता तयार झाला. कवळीवाला त्याला टेबल देऊन घरी आला आणि करारपत्राची वाट बघत बसला.

फोन केला की उत्तर तयार. सही राहिलीय. साहेब बाहेरगावी आहेत. शेवटी मॅनेजर म्हणाला, "तूर्त भरती थांबवलीय हो."

"अहो, पण मी नोकरी सोडली!"

"सोडा असं आम्ही कुठे म्हणालो होतो?"

खरंच म्हणाले नव्हते. याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला. शिव्या तरी कुणाला द्यायच्या? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

दोन दिवसांनी नाक मुठीत धरून मालकीणबाईंकडे गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"या की परत," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा हात कुठे मिळायचा? पण टेबल एकच आहे. मेव्हण्याला जायचं तुम्हीच सांगा. ते काम माझ्याच्याने व्हायचं नाही."

तो आत गेला. खिडकीवरचा तो बंद पडलेला पंखा आता घरघरत होता. त्याला पाहून मेव्हणा लगबगीने उठला.

"दाजी, बरे आलात. हे बघा ना, समोरचा दात जरासा तिरका ठेवलाय. जमलंय का?"

कवळीवाल्याने ती कवळी उजेडात धरली, फिरवून पाहिली. खोट काढायला काहीतरी सापडावं असं त्याला मनापासून वाटत होतं. सापडलं नाही. ज्या मूर्खाने याला इतकं नीट शिकवलं त्याचाच गळा धरावासा वाटला.

"जमलंय," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

घरी बायको दारातच उभी होती. "मग? बोललात का बाईंशी?"

"पंखा दुरुस्त केलाय त्यांनी," तो खेकसला आणि चपला काढून भिंतीकडे तोंड करून बसला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि उद्यासाठी धुऊन ठेवलेला नवऱ्याचा डबा परत फळीवर ठेवून दिला.