येऊ द्या, येऊ द्या

आमचे हे ट्रकवर नवे लागले, तेव्हा पुढे सुसाट जायचे. रिव्हर्स म्हटलं की घाम फुटायचा. मग सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात मी मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायची. ट्रक थांबवायच्या जागी सासूबाई बादली ठेवायच्या. बादली आडवी झाली की लेकाचा उद्धार!

परवा कुठल्याशा परक्या गोदामातून ह्यांचा फोन आला. ट्रक रिव्हर्स घ्यायचा, मागे बघायला कुणी नाही, त्यात रांगेतले ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं खाताहेत.

"तू नुसतं बोलत राहा गं," म्हणाले.

मी गॅसपाशी उभी राहून ओरडायला लागले, "येऊ द्या, येऊ द्या..." सासूबाई सवयीने बादली घेऊन धावल्या.

आणि मी गप्पच झाले. थांबा कधी म्हणायचं, ते मला इथून कसं दिसणार?